चहा दोन तासांनी

६ मार्च

भाऊजी,

अक्षर बघूनच पत्र कुणाचं ते तुम्हाला कळलं असेल. पाचवीनंतर शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाचं अक्षर लपत नाही. फाडायचं असेल तर फाडा, पण आधी एवढं वाचा: ताईला रक्ताची गोळी चहाबरोबर देऊ नका.

माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवलाय आणि ताईचा फोन बादलीत पडल्यापासून मुका आहे, म्हणून हे लिहायची पाळी आली. काल जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या शिंपीणकाकूंना फोन केला. त्यांनी सांगितलं की ताई जिन्यात चक्कर येऊन खाली बसली आणि दवाखान्यात रक्त सात पॉइंट चार निघालं. बायकांचं बारा तरी असावं लागतं, पोटुशीचं अकरा. डॉक्टरीणबाईंनी तीन आठवड्यांची मुदत दिलीय. चढलं नाही तर बाळंतपण चार तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात, आणि रक्त द्यायला आपला माणूस तयार ठेवायचा. हे सगळं खरं ना?

मी इथं संत्र्यांच्या कारखान्यात लागलोय. पट्ट्यावरून संत्री येतात, डागाळलेली हातानं बाजूला काढायची, बाकीची पेटीत जातात. कारखान्याच्या दवाखान्यात एक सिस्टर आहेत. त्यांच्याशी गेल्या आठवड्यात बोलणं झालं, का झालं ते सोडा. त्या म्हणाल्या की डाळीतलं, पालेभाजीतलं, गोळीतलं लोह हट्टी असतं, पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं असं नाही. सोबत काहीतरी आंबट असलं, संत्रं, पेरू, लिंबू, टोमॅटो, की ते आत शिरतं. चहा-कॉफी सोबत असली की बरंचसं तसंच बाहेर जातं. दुधाचं तेच. कॅल्शियमच्या गोळीचंही तेच.

आणि काकू सांगतात, सकाळी दुकान उघडलं की दुधाच्या चहाचा पहिला ग्लास तुम्ही आत नेता आणि दोन्ही गोळ्या, रक्ताची आणि कॅल्शियमची, ताईनं त्याच्याबरोबर गिळेपर्यंत तिथं उभे राहता. चुकायचं म्हणून ठरवलं असतं तरी इतकं नीट चुकता आलं नसतं.

हे मी तुमच्या चहाला नावं ठेवायला लिहीत नाहीये. डिसेंबरात जे झालं ते आणि हे एकात एक घालू नका.

ताईचा भाऊ


१७ मार्च

भाऊजी,

तुम्ही माझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलंत म्हणे. काकूंच्या मशीनपर्यंत सगळं ऐकू गेलं.

‘ऐका, ऐका. मेहुणा संत्री पुसता पुसता डॉक्टर झाला.’

मग तो मिशीवाला टॅक्सीवाला म्हणाला, ‘मग आम्ही काय सकाळी रस पिऊन गाडी हाकायची?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘त्याला माझ्या चहाचं पहिल्यापासून वावडं आहे. जाताना किटली रस्त्यावर ओतून गेला, आता पत्रातून ओततोय.’

मला राग आला. आधी एक पत्र लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात तुमच्याबद्दल बरंच होतं.

हसा पाहिजे तेवढं. पण काकू म्हणाल्या की तिला ताकद यावी म्हणून तुम्ही आता ग्लास मोठा केलाय आणि दूध वाढवलंय. पट्ट्यावर ते आठवलं आणि माझे हात थांबले, पाच-सहा डागाळलेली संत्री तशीच पेटीत गेली आणि मुकादमानं माझा उद्धार केला. भाऊजी, तुम्ही दुष्ट असता तर सोपं होतं. ताईनं तुमचा चहा केव्हाच मोरीत ओतला असता.

काकूंनी तिला माझा निरोप दिला होता. ती काय म्हणाली माहीत आहे? ‘ते स्वतः घेऊन येतात, उभे राहतात. नको म्हटलं तर त्यांना वाटेल मीही भावाच्या बाजूची. आधीच घरात एवढं झालंय.’ म्हणजे तुमचं मन राखायला ती रक्त कमी ठेवून बसलीय. दवाखान्याची तारीख पंचवीस. आठ दिवस राहिले.

माझ्यावर विश्वास नसेल तर तुमच्या धंद्यावर ठेवा. मागच्या वर्षी चहाच्या पातेल्याला भोक पडलं होतं तो दिवस आठवा. तुम्ही घरातली लोखंडी कढई आणलीत आणि तिच्यात चहा उकळायला टाकलात. दूध घालायच्या आधीच तो काळानिळा पडला. दौतीतली शाई दिसावी तसा. तुम्ही ओतून दिलात आणि मला म्हणालात, ‘भिंगरी, लक्षात ठेव. चहा आणि लोखंड एकमेकांना धरतात, मग सोडत नाहीत. माझ्या गुरूनं सांगितलंय.’

मी सिस्टरना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, ‘तुझ्या भाऊजींना माझ्याइतकंच कळतं की. चहाचा जो तुरटपणा असतो तो लोहाला धरतो. कढईतल्या लोखंडाला धरला तसाच गोळीतल्या लोहाला.’

तर एक करा. माझ्यासाठी नको, तुमच्या गुरूसाठी करा. एका ग्लासात चहा घ्या, बिनदुधाचा, पातळ. ताईची एक गोळी घ्या, वरचा रंग धुऊन काढा, कुटून त्यात टाका आणि ढवळा. मग थोडं थांबा आणि बघा. गिऱ्हाइकांसमोर नका करू. एकटे असताना करा.

आणि गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर द्या. चहा तिला पाहिजेच असेल तर दोन तासांनी.

ताईचा भाऊ


२९ मार्च

भाऊजी,

सात पॉइंट सहा.

काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी ‘चढलं’ म्हणालो. मग त्यांनी मागचा आकडा पुन्हा सांगितला आणि मला कळलं की याला चढणं म्हणत नाहीत. तीन आठवड्यांत दोन दाणे. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली, मोठ्या हॉस्पिटलची. ताईला विचारलं म्हणे, गोळ्या घेतेस ना? ती म्हणाली, एकही चुकवली नाही. खरंच तर बोलली. कशाबरोबर घेतेस ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

दोन पत्रांत मी तुम्हाला शहाणपणा शिकवला. आता जे लिहितोय ते काल जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलो होतो, पण उठून गेलो. आज पुन्हा बसलोय.

गोळी चहाबरोबर घे हे तिला मी सांगितलं.

नोव्हेंबर संपत आला होता. दवाखान्यातून पहिलं पाकीट आणलं होतं आणि तिला त्या गोळीच्या वासानं उमळून यायचं. दोनदा ओकली. तुम्ही दूध आणायला गेला होतात. मी म्हणालो, ‘ताई, चहाबरोबर ढकल. भाऊजींच्या चहात दगड घातला तरी कळणार नाही.’ ती हसली आणि तिनं ढकलली. राहिली पोटात. दुसऱ्या दिवशी तिनं तुम्हाला सांगितलं की चहाबरोबर जमतं, आणि तेव्हापासून तुम्ही रोज सकाळी ग्लास आत न्यायला लागलात. तुम्हाला वाटत असेल ही तुमचीच पद्धत. नाही. माझी आहे. मी लावली आणि निघून आलो.

पहिल्या पत्रातच हे लिहायला हवं होतं. तुमच्यावर ढकलणं सोपं गेलं.

आता सुरुवात केलीय तर डिसेंबरचंही लिहितो. त्या दिवशी तुम्ही मला चहाची पूड आणायला पाठवलं होतं. मी गेलोच नाही, पुलावर माणसं बघत उभा राहिलो. पायाला भिंगरी, तुम्हाला माहीतच आहे. परत आलो तर गर्दी झालेली आणि तुम्ही गॅसची टाकी बदलण्यात अडकलेले. मी डब्यातला सकाळचा चोथा पुन्हा उकळला, वर साखर मारली आणि किटली भरली. टॅक्सीवाला पहिला घोट थुंकला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नुसतं बघितलंत. आणि मी ओरडलो, ‘तुमच्या चहात दमच नाही, लोक उपकार म्हणून पितात’ आणि किटली रस्त्यावर उपडी केली. त्यात तुमचा चहा नव्हताच भाऊजी. माझा होता. कुणी ओळखायच्या आत ओतून टाकला, एवढंच.

अजून एक राहिलं. सिस्टरशी बोलणं का झालं ते. इथं रक्तदानाचं शिबिर होतं. ताईचा आणि माझा गट एकच, म्हणून म्हटलं सवय करून ठेवू, पुढे तिला लागलं तर. मी फुशारकीत रांगेत पहिला. बोटातून थेंब काढला आणि सिस्टरनी मला बाजूला घेतलं. दहा पॉइंट नऊ. साडेबाराच्या खाली असेल तर घेतच नाहीत. त्यांनी विचारलं, जेवणाबरोबर काय पितोस? मी म्हटलं, चहा, नाश्त्यालाही, जेवणालाही, सहा वर्षं दुकानात काढलीत. त्या म्हणाल्या, ‘संत्र्यांच्या ढिगात उभा राहतोस आणि चहावर जगतोस. तुला काय म्हणावं.’

आता मी जेवताना पाणी पितो आणि पट्ट्यावरून काढलेलं डागाळलेलं एक संत्रं खातो. मटकी भिजवून मोड आणतो, वर लिंबू पिळतो. मिळेल तेव्हा मासा किंवा मटण, त्यातलं लोह कमी हट्टी असतं म्हणे. मलाही तीच गोळी दिलीय त्यांनी. वास खरंच वाईट आहे. ताईनं उगाच नाटक केलं नव्हतं.

माझं रक्त मे महिन्यापर्यंत साडेबारा व्हायला पाहिजे. तिचं जेवढं होईल तेवढं. माझं माझ्या हातात आहे. तिचं तुमच्या.

तुम्ही तिच्यासमोर उभे राहता ते बंद करू नका. फक्त हातातला ग्लास बदला.

भिंगरी


१० एप्रिल

भाऊजी,

तुमचं पाकीट मिळालं.

आधी वाटलं रिकामंच आहे. मग घडी उलगडली. वहीचा कोरा कागद, एक अक्षर नाही, आणि मधोमध ग्लासाच्या बुडाचं गोल, काळंभोर. चहाचे डाग मी जन्मभर पुसलेत. ते तांबूस असतात, असे काळे कधी नसतात.

मी तो कागद सिस्टरना दाखवला. त्यांनी उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, ‘पटलं त्यांना.’ मी म्हटलं, काही लिहिलं नाहीये. त्या म्हणाल्या, ‘आणखी काय लिहायचं राहिलं?’

काल काकूंना फोन केला. त्या सांगत होत्या, चार-पाच दिवसांपूर्वी दुपारी तुम्ही दुकानाची फळी अर्धी लावून आत बसला होतात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. टॅक्सीवाला हाका मारून गेला. मग फळी उघडलीत आणि पहिल्यांदा समोरच्या भाजीवालीकडे जाऊन दहा लिंबं घेतलीत. ती म्हणाली, ‘चहात लिंबू? दूध फाटेल की.’ तुम्ही म्हणालात, ‘फाटू दे.’

सिस्टरनी सांगितलेलं पुन्हा लिहितो, कारण तुम्ही विचारणार नाही. रक्ताची गोळी सकाळी उठल्यावर लिंबाच्या पाण्याबरोबर. मळमळलं तर थोडं खाऊन घेतली तरी चालेल, पण त्या खाण्यात दूध नको. चहा त्यानंतर दोन तासांनी, तोही जेवणाला चिकटून नाही. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, गोळीनं होतं. चक्कर, धाप वाढली तर मात्र माझ्या पत्राची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना.

आमच्या इथला एक ट्रक तुमच्या बाजूला येतोय. त्यात संत्र्यांची एक पेटी आहे. डागाळलेली आहेत, पण आतून बरी. निवडून काढलीत. तीही माझ्यासारखीच पट्ट्यावरून बाजूला काढलेली, एवढं एक हसून घ्या.

ताईला सांगा, पेटी कारखान्याकडून आली. माझ्याकडून आली म्हटलंत तर ती रडेल आणि मग जेवणार नाही.

भिंगरी


४ मे

भाऊजी,

आठ पॉइंट नऊ. काकूंनी फोनवर तीनदा सांगितलं आणि मी तिन्ही वेळा पुन्हा विचारलं.

हे पुरेसं नाही हे मला कळतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलातच, आणि रक्त देणारा माणूस हवाच. काकूंनी असंही सांगितलं की तुम्ही टॅक्सीवाल्याला विचारलंत, मिशीवाल्याला, आणि त्याचा गट जुळला नाही. दुकानात येणाऱ्या सगळ्यांना विचारत होतात. अकरा जणांना. त्यातले दोन जुळले, एकाला साखर आहे आणि दुसऱ्यानं परवापासून दुकान बदललंय.

मला विचारलं नाहीत.

मी समजू शकतो. पण वेळ नाहीये, म्हणून न विचारताच सांगतो. गेल्या सोमवारी माझं बारा पॉइंट दोन होतं. तीन दाणे कमी. सिस्टर म्हणाल्या, ‘पंधरा तारखेला ये, त्याआधी रोज बोट टोचायला आलास तर आहे तेही इथंच सांडेल.’ अठराच्या गाडीचं तिकीट काढलंय. पंधराला कमी निघालं तरी येणारच आहे, मग तिथं निदान पिशव्या उचलायला उपयोगी पडेन. मुकादमाला रजा मागितली तर म्हणाला, ‘बायको बाळंत होतेय का?’ म्हटलं, बहीण. म्हणाला, ‘मग तिचा नवरा काय करतो?’ मी म्हटलं, ‘चहा. एक नंबर.’

काही वेगळं ऐकू आलं, तिला कळा लवकर आल्या, तर माझा नंबर उघडा. नंतर पुन्हा बंद करा, माझी हरकत नाही.

भिंगरी


१९ मे

भाऊजी,

तुम्ही आत्ता माझ्यापासून चार हातांवर आहात. मोठ्या हॉस्पिटलातल्या बाकड्याच्या त्या टोकाला. मी या टोकाला. काकूंकडून कळलं तसा गाडीतून उतरून थेट इथं आलो. सकाळपासून तुम्ही माझ्याशी दोन शब्द बोललात, ‘तिसरा मजला’, आणि मी ‘बरं’ म्हणालो. समोरासमोर जमत नाही, म्हणून औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहितोय. देईन की नाही ते माहीत नाही.

पंधरा तारखेला बारा पॉइंट सहा निघालं. हे मी कुणालाच कळवलं नव्हतं. इथल्या रक्तपेढीतल्या बाईंनी पुन्हा थेंब काढला तेव्हा मी त्यांच्या यंत्राकडेच बघत होतो. त्या म्हणाल्या, ‘बारा पॉइंट सात, झोपा.’ तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही आकडा ऐकला आणि भिंतीला टेकलात, ते मी झोपल्या झोपल्या बघितलं.

मघाशी डॉक्टर आले ते तुम्हीही ऐकलंत. मुलगी. दोन किलो आठशे. ताईचं रक्त जरा जास्त गेलं, एक पिशवी चढवली, आता ठीक आहे. तुम्ही विचारलंत, ‘सातवर असती तर?’ डॉक्टर म्हणाले, ‘नव्हती ना,’ आणि पुढे गेले. ते वाक्य तुमच्याइतकंच माझ्याही डोक्यात फिरतंय.

तिला चढवलेली पिशवी माझी नाही हो. माझी पेढीत गेली, तिला पेढीतली दुसरी मिळाली, तशीच रीत आहे. तेव्हा भिंगरीचं रक्त तिच्या अंगात आहे असं सांगत फिरू नका. फिरणार नाहीच तुम्ही, पण ताई फिरेल.

आता मला तुम्हाला एकच विचारायचंय, की डिसेंबरात मी जे

तेवढ्यात तुम्ही उठलात, म्हणून वाक्य अर्धं राहिलं. आता तुम्ही खाली ताईसाठी लिंबं बघायला गेलाय, तर झालेलं लिहून ठेवतो, पुढे कुणाला पटणार नाही.

तुम्ही कँटीनमधून चहाचे दोन ग्लास घेऊन आलात. एक माझ्यासमोर धरलात. मी हात पुढे केला, तर तुम्ही ग्लास मागे घेतलात.

‘रक्त दिल्यावर गोळी दिली ना त्यांनी तुला?’

‘दिली.’

‘घेतलीस कधी?’

‘आत्ताच. जेवणाबरोबर.’

‘म्हणजे?’

‘पाऊण तास झाला असेल.’

तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंत. मग दोन्ही ग्लास बाकड्यावर ठेवलेत, आपल्या दोघांच्या मधे, आणि माझ्या ग्लासावर कागद झाकलात. स्वतःचाही प्यायला नाहीत.

‘मग थांब,’ म्हणालात. ‘तसाही या कँटीनवाल्याच्या चहात दम नाही. घरी गेल्यावर मी करतो.’